फोटो त्याच्याकडे, धाक मात्र आपला: मुलांचा ऑनलाइन छळ नेमका चालतो कसा

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब, एक्स वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. ही बातमी आल्यापासून आमच्या पालकसभेत एक प्रश्न ठरलेलाच झालाय. मी नागपुरात एका शाळेत संगणक शिकवतो, त्यामुळे मोबाईलचं कुठलंही दुखणं फिरून माझ्याच टेबलापाशी येतं. परवाच्या सभेत शेवटच्या बाकावरून एक बाबा उठले. “सर, तिकडे बंद केलं ना? मंग आपल्याकडे काहून नाही करत? आमचा पोट्टा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल पाहून राहिला.”

टाळ्या पडल्या. मला मात्र मारबत आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळी इडापिडा, रोगराई त्या पुतळ्याच्या डोक्यावर देतो, महाल-इतवारीतून वाजतगाजत मिरवतो आणि नेऊन जाळतो. मन हलकं होतं, यात शंका नाही. पण डेंग्यू यायचा तो येतोच, कारण डास पुतळ्यात नसतो, कूलरच्या टाकीत असतो. मोबाईलचीही अशी मारबत काढावी असं प्रत्येक आईबापाला एकदा तरी वाटून जातं. त्या ऑस्ट्रेलियन यादीत सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, गेमवाल्यांच्या गप्पांचं डिस्कॉर्ड नव्हतं, रोब्लॉक्स हा गेम नव्हता. आणि माझ्यापर्यंत जी चार-दोन प्रकरणं आली, त्यातली निम्मी गेममधल्या गप्पांतून सुरू झालेली होती.

बंदी असावी की नसावी, यावर वाद घालायला वेळ आहे. तोवर टाकीत काय वाढतं ते पाहू.

## आधी फुकटचा सांबार

गोकुळपेठेच्या बाजारात ठरलेली भाजीवाली वांगी तोलून झाली की वरून सांबाराच्या चार काड्या टाकते. (पुण्यामुंबईच्या वाचकांनी कोथिंबीर वाचावी.) त्या काड्यांचे पैसे ती घेत नाही, पण पुढच्या रविवारी आपले पाय तिच्याकडेच वळतात. तिचा हेतू साधा, धंद्याचा आहे. मुलांच्या मागे लागणारा माणूसही सुरुवात अशीच करतो, फक्त त्याला विकायचं काही नसतं.

गेम खेळताना तो मुलाला हरता हरता वाचवतो. हेडफोनवर म्हणतो, “भारी खेळतोस बे तू.” मग गेममधली एखादी स्किन (खेळाडूचा नवा वेश), काही डायमंड (गेममधले पैसे) भेट पाठवतो. मुलीच्या रीलखाली रोज न चुकता छान कमेंट टाकतो. आठवडाभरात त्याला तिच्या परीक्षेचं वेळापत्रक ठाऊक असतं, आईबाबांची भांडणं ठाऊक असतात, क्लासमधल्या कुठल्या मैत्रिणीशी अबोला आहे तेही ठाऊक असतं. घरात त्यातलं आपल्याला काहीच माहीत नसतं. याला ग्रूमिंग म्हणतात. मी मुलांना सांगताना ‘मुरवणं’ म्हणतो. कैरी एका दिवसात लोणचं होत नाही. तिला मीठ लावून, झाकण घालून ठेवावं लागतं.

आता हा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येईल, ही आशा सोडा. तो पंधरा वर्षांची मुलगी म्हणून येतो, क्लासमधला सीनियर म्हणून येतो, टॅलेंट शोधणारी एजन्सी म्हणून येतो. ओळखायची ती त्याची चाल.

## मग खोली बदलते

लग्नाच्या हॉलमध्ये एखादा अनोळखी पाहुणा आपल्या पोरीशी सगळ्यांसमोर बोलला, तिला आइस्क्रीम आणून दिलं, तर आपण हसून सोडून देतो. तोच म्हणाला, “चल, तुला गच्चीवरून नागपूर दाखवतो,” की मावशी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांचे कान एकदम टवकारतात. कुणी शिकवलेलं नसतं ते.

ऑनलाइन गच्ची म्हणजे दुसरं अ‍ॅप. “इथं नको, इन्स्टावर ये.” “स्नॅपवर बोलू, तिथं मेसेज आपोआप उडतात.” गेममध्ये आणखी चार खेळाडू ऐकत असतात, कमेंट दहा जण वाचतात. खासगी खिडकीत कोणी नसतं. त्याच सुमारास दुसरं वाक्य येतं, “हे आपल्यातच ठेव.” मुलांना बाकी काही शिकवता आलं नाही तरी एवढं नक्की सांगा, की जो मोठा माणूस गुपित ठेवायला लावतो आणि जागा बदलायला लावतो, तो कितीही गोड असला तरी ते घरी सांगायचं. वाढदिवसाची सरप्राइज पार्टी हे गुपित वेगळं, ते चार दिवसांत फुटणारच असतं. कधीच फुटू नये असं गुपित मोठ्या माणसानं मुलाकडे मागायचं कारण काय?

कायद्यालाही ही चाल माहीत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमात मुलांची अश्लील चित्रं बनवणं, पसरवणं तर आहेच, पण लैंगिक हेतूनं मुलाला ऑनलाइन नात्यात ओढणंही त्याच कलमात आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. म्हणजे फोटो हातात पडेपर्यंत थांबायची गरज नाही. गुन्हा गच्चीच्या पायरीवरच सुरू झालेला असतो.

## एक फोटो, आणि मग दहा मिनिटं

आता मूल एक फोटो पाठवतं, किंवा व्हिडिओ कॉलवर शर्ट काढतं. समोरून सूर बदलतो. स्क्रीनवर मुलाच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो. त्यात काका असतात, शाळेतली मुलं असतात, आईचं खातं असतं. खाली लिहिलेलं असतं: दहा मिनिटांत पाच हजार पाठव, नाहीतर या सगळ्यांना जातं. याला सेक्सटॉर्शन म्हणतात. मराठीत सांगायचं तर खासगी फोटोच्या धमकीवर पैसे, किंवा आणखी फोटो, उकळणं.

घरात काळजी बहुधा मुलीची केली जाते. पण पैशांसाठी चालणाऱ्या या प्रकारात अमेरिकेच्या एफबीआयनं वारंवार दिलेला इशारा उलटा आहे, तिथं १४ ते १७ वयाचे मुलगे जास्त सापडतात. मला त्यात नवल वाटत नाही. मुलीला आपण निदान ‘जपून’ एवढं तरी म्हणतो. मुलाला तेवढंही म्हणत नाही.

आमच्या शाळेतलंच एक प्रकरण, मुलगा नववीतला. रविवारी सकाळी बाबा कोपऱ्यावरच्या टपरीवरून तर्रीपोहे आणायचे आणि हा दोन प्लेट खायचा, तो खाईनासा झाला. फोन टेबलावर नेहमी पालथा. मेसेजची टिंग वाजली की दचकायचा. आईच्या फोनवरून पाचशे-पाचशे करून काही रक्कम गेली होती, ती रिचार्जची म्हणून खपली. अकरा दिवस त्यानं हे एकट्यानं ओढलं. शेवटी माझ्याकडे आला तेही ‘सर, इन्स्टा कायमचं कसं डिलीट करतात’ विचारायला. बोलता बोलता रडला. मी विचारलं, एवढी भीती कशाची वाटली रे? मला वाटलं म्हणेल त्या माणसाची, नाहीतर फोटो पसरण्याची. तो म्हणाला, “बाबांची.”

या धंद्याचं सगळं यंत्र या एका शब्दावर चालतं. तो माणूस कदाचित हजार किलोमीटर दूर बसलेला असतो. त्याला नागपूर नकाशावरही दाखवता यायचं नाही. पोराच्या अंगाला तो बोट लावू शकत नाही. त्याच्याकडे आहे फक्त एक फोटो, आणि फोटोला धार येते ती घरच्यांच्या रागानं. मूल ‘बाबा, असं झालं’ म्हणू शकत असेल तर त्या फोटोचं वजन निम्म्यावर येतं. म्हणू शकत नसेल, तर आपण न विचारता त्या माणसाचे भागीदार झालेलो असतो. हे ऐकायला कडू आहे. मलाही, कारण वर्गात माझाही दरारा फार आहे असं मी वर्षानुवर्षं अभिमानानं सांगत आलोय.

## “एवढं कळत कसं नाही या पोरांना?”

कळतं की. मोठ्यांना तरी कुठं कळतं? ‘डिजिटल अटक’ आठवा. खाकी कपड्यातला कोणी व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून उठू नका, घरात कोणाला सांगू नका म्हणतो, आणि शिकलेसवरलेले निवृत्त लोक मुदत ठेवी मोडून पैसे पाठवतात. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना यावर बोलावं लागलं. अशी अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि सुटकेसाठी खात्यात पैसे मागत नाहीत.

रात्री अकराला अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल उचलून अडकलेले पुरुष आहेत. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनं फोनमधले सगळे नंबर उचलून, चेहरा दुसऱ्याच धडावर चिकटवून नातेवाइकांना पाठवलेला, असेही आहेत. वय वेगळं, आमिष वेगळं. कळा त्याच तीन फिरवलेल्या असतात. कोणाला सांगू नको, आत्ताच्या आत्ता कर, लोक काय म्हणतील. पन्नाशीचा माणूस या तीन कळांनी गार पडतो, तर चौदा वर्षांच्या पोराला ‘मूर्ख’ कुठल्या तोंडानं म्हणायचं?

माझा एक अनुभव आहे. बापानं स्वतःची फसगत जेवताना मोकळेपणानं सांगितली, अगदी वीजबिलाच्या खोट्या मेसेजची का असेना, तर त्या घरातलं मूल पुढं आपली गोष्ट लवकर सांगतं. याला पुरावा माझ्याकडे नाही, पंधरा-सोळा वर्षांची मास्तरकी आहे.

## “आमचं मूल तसलं नाही, फोटो पाठवणारच नाही”

न पाठवो. पण आता फोटो पाठवावाच लागतो असं राहिलं नाही. साध्या चेहऱ्यावरून खोटं नग्न चित्र बनवणारी साधनं फुकटात मिळतात. चेहरा कुठून येतो? बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. तान्ह्या पोळ्याला धोतर-फेटा घालून लाकडी बैल धरलेला नातू, दहावीच्या निकालाचा शाळेचं नाव असलेला फलक, गळ्यात ओळखपत्र घातलेला शाळेचा पहिला दिवस. नाव, शाळा, वर्ग, घराजवळचा चौक, सगळं एका फोटोत. नातवाचे फोटो टाकूच नका म्हटलं तर माझी आईच मला घरातून काढेल. पण ओळखपत्र झाकून, ‘मित्रांपुरतं’ ठेवून टाकायला काय हरकत आहे?

आणि असं चित्र बनवणारा दरवेळी दूरचा गुंड नसतो. वर्गातला असतो. गंमत म्हणून बनवलं, ग्रुपवर टाकलं, चाळीस जणांनी दात काढले. ज्याची गंमत झाली ते पोर दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायला पोट दुखतं म्हणतं. तुमचं मूल ‘तसलं’ नसेल, पण त्या हसणाऱ्या चाळिसांत ते नाही ना, हेही एकदा विचारा. १८ वर्षांखालच्या मुलाचं तसलं चित्र पुढं पाठवणं हा गुन्हाच आहे, पाठवणारा स्वतः पंधराचा असला तरी. त्याचं प्रकरण मोठ्यांच्या कोर्टाऐवजी बाल न्याय मंडळापुढं जातं, एवढाच फरक. असं चित्र जपून ठेवणंही गुन्ह्यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

इथं एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. ऑनलाइन कोणी वाईट बोललं म्हणून तो आपोआप गुन्हा होत नाही. तसं करू पाहणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. धमकी, खंडणी, मुलीचा किंवा बाईचा सततचा पाठलाग, अश्लील मजकूर, दुसऱ्याच्या नावानं खातं, हे गुन्हे आहेत. ‘तुझी हेअरस्टाइल काकडीसारखी’ हा नाही. त्याला शाळा आणि आईबापच पुरे. नको तिथं पोलीस आणले की हवं तिथं ते येईनासे होतात.

## सांगितल्यावर पहिला तास

मूल येऊन सांगतं. त्या क्षणी आपल्या तोंडून काय निघतं, त्यावर पुढचं बरंच ठरतं. ‘तुला किती वेळा सांगितलं होतं’ हे वाक्य गिळा. “बरं केलं सांगितलंस. आता हे तुझं एकट्याचं नाही.” एवढं म्हणा आणि त्याला पाणी द्या. रात्री त्याच्याजवळ झोपा. लाजेनं कोंडलेली पोरं जिवाचं बरंवाईट करून घेतात, हे भीती घालायला नाही, खरंच सांगतोय.

मग काम. पैसे द्यायचे नाहीत. आधी दिले असतील तर आता थांबवायचे. एकदा दिलेले पैसे म्हणजे त्या माणसाला मिळालेली पावती, की हे गिऱ्हाईक देतं. फोटो तो डिलीट करत नाही, भाव वाढवतो.

घाबरून खातं उडवू नका, इथंच बहुतेक घरं चुकतात. आमच्या त्या मुलानंही तेच करायचं ठरवलं होतं. घरात चोरी झाली की आपण पोलीस येईपर्यंत कपाटाला हात लावत नाही, तसंच. धमकीच्या मेसेजचे, त्याच्या प्रोफाइलचे, खात्याच्या नेमक्या नावाचे, मोबाईल नंबरचे, यूपीआय आयडीचे आणि व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. मेसेज उडून जाणारे असतील तर दुसऱ्या फोननं स्क्रीनचा फोटो काढा. ते झालं की त्याला ब्लॉक करा आणि अ‍ॅपमध्येच तक्रार नोंदवा. मुलाचा तो खासगी फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून काकांना, वकिलाला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवू नका. त्याची नवी प्रत काढू नका. तो आहे त्या फोनमध्ये राहू द्या, तपास करणारे बघतील.

पैसे गेले असतील तर १९३० हा नंबर लगेच फिरवा. समोरच्याच्या खात्यात रक्कम पुढं सरकण्याआधी अडवता आली तर आली, म्हणून इथं मिनिटांना किंमत आहे. बाकी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर होते. तिथं महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मुलांच्या अश्लील चित्रांची खबर नाव न देताही कळवता येते, पण स्वतःच्या मुलाची तक्रार असेल तर नाव द्या, नाहीतर पुढं काय झालं ते कळायची सोय राहत नाही. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. जिवाला धोका वाटला तर ११२.

## फोटो न देता फोटो अडवायचा कसा

“तो आधीच अपलोड केला असेल तर?” हा पुढचा प्रश्न. यासाठी एक चांगली सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे.

जमिनीच्या जुन्या खरेदीखतावर आजोबांचा अंगठा असतो. त्या ठशावरून आजोबांचा चेहरा कोणी काढू शकत नाही, पण तोच अंगठा दुसऱ्या कागदावर आला तर ओळखता येतो. फोटोचाही गणितानं असा ठसा काढता येतो. संगणकवाले त्याला हॅश म्हणतात. ‘टेक इट डाउन’ ही १८ वर्षांखालच्या फोटोंसाठीची मोफत सेवा आणि ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोठ्यांसाठीची सेवा नेमकं हेच करते. ठसा तुमच्याच फोनमध्ये निघतो. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉकसारख्या सहभागी कंपन्या तो आपल्याकडच्या फोटोंशी ताडून पाहतात आणि जुळला तर फोटो अडवतात.

जादू नाही ही. फोटो बराच कापला, बदलला तर ठसा चुकू शकतो. सहभागी नसलेल्या साइटवर उपयोग नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी गप्पा बंद पाकिटासारख्या असतात, आतला ठसा बाहेरून ताडता येत नाही. तरी धमकी देणाऱ्याचं आवडतं हत्यार इन्स्टा-फेसबुकच असल्यानं तिथं दार बंद झालं तरी पुष्कळ.

शिवाय अ‍ॅपकडे केलेली तक्रार म्हणजे अर्ज-विनंती नव्हे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न किंवा बनावट खासगी चित्र काढायला कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती, २०२६ च्या दुरुस्तीनं ती दोन तासांवर आणली. दाद लागली नाही तर सरकारी अपील समिती आहे, तिथंही घरबसल्या अर्ज करता येतो.

## “पोलिसात गेलं तर गावभर बोभाटा”

ही भीती खोटी नाही. म्हणूनच पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा २०१२ चा कायदा, त्यावर बराच विचार करून लिहिलेला आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, उपनिरीक्षकाच्या खालची नको. अंगावर गणवेश नको. मुलाला रात्री ठाण्यात थांबवायचं नाही. सुनावणी बंद दाराआड. मुलाचं नाव, शाळा, पत्ता, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापणं हाच गुन्हा.

दुसरी बाजूही आहे. असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही पोक्सोत गुन्हा आहे, त्यातून सूट फक्त मुलाला. म्हणून शाळेनं ‘आपसात मिटवून घ्या, शाळेचं नाव आहे’ म्हटलं तर ऐकू नका. तो सल्ला देणारा स्वतः अडचणीत येऊ शकतो. मलाही शिक्षक म्हणून त्या दिवशी पर्याय नव्हता. मी मुलाला तसं सांगूनच पुढं गेलो, पाठीमागून नाही.

ठाण्यात आमचं स्वागत फुलं उधळून झालं असं नाही. टेबलावरच्या माणसानं वर न बघता सांगितलं, “हे सायबरचं आहे, तिकडे जा.” असं झालं तर नम्रपणे एक वाक्य म्हणा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस-कोर्टाचं काम कसं चालावं ते सांगणाऱ्या कायद्याच्या, १७३ व्या कलमात, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, दखलपात्र (पोलिसांना थेट तपास करता येईल असा) असेल तर खबर नोंदवायची आहे, मग ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. ऑनलाइनही खबर देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. आम्ही कलमाचा आकडा कागदावर लिहूनच नेला होता. आकडा पाहिल्यावर खुर्ची मिळाली. आतल्या मॅडम मात्र मुलाशी इतक्या हळू आवाजात बोलल्या की त्याची आई बाहेर येऊन रडली.

## “मग मोबाईलच काढून घेतो ना!”

शेवटी गाडी इथंच येते. पण मुलाच्या बाजूनं बघा. त्यानं हिंमत करून सांगितलं आणि बक्षीस काय मिळालं, तर फोन गेला. पुढच्या वेळी तो सांगेल? त्याच्या बहिणीनं हे सगळं पाहिलं, ती सांगेल? आणि नागपूरचा मे महिना धरा. पारा ४५ च्या वर, दुपारी अकरा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मैदान नाही, शाळा नाही. कूलरसमोर बसलेल्या पोराची मित्रमंडळी त्या चार इंचांतच असतात. ती काढून घेतली तर ते मित्राचा फोन वापरतं, आणि त्यात आपण कुठंच नसतो.

गुपचूप पाळत ठेवणारं अ‍ॅप टाकावं का, असंही विचारतात. लहान मुलाला उघडपणे सांगून गूगल फॅमिली लिंकसारखं देखरेखीचं अ‍ॅप लावणं वेगळं. चोरून टाकलेलं अ‍ॅप मूल आठवडाभरात शोधून काढतं आणि मग घरात दोघं एकमेकांचे हेर. शिवाय ‘प्रेम आहे म्हणून तुझं सगळं बघतो’ हीच भाषा उद्या तिचा मित्र वापरेल, तेव्हा तिला ती ओळखीची वाटू नये.

करण्यासारखं साधं आहे. खातं खासगी ठेवा. मित्रांची यादी फेसबुकवर झाकून टाका, कारण धमकीला दारूगोळा त्याच यादीचा मिळतो. अनोळखी माणसाचा मेसेज येणं बंद करा. इन्स्टाग्रामची किशोरांसाठीची खाती २०२५ पासून भारतातही आहेत. त्यात यातलं बरंचसं आधीच लावलेलं असतं, आणि १६ च्या खालच्यांना ते सैल करायला आईबाबांची परवानगी लागते. फक्त जन्मतारीख खरी हवी. माझ्या आठवीच्या वर्गातली अर्धी मुलं इन्स्टावर १९९८ सालची आहेत. काहींची खाती आईनंच उघडून दिलीत. रात्री सगळ्यांचे फोन, आपलाही, समोरच्या खोलीत चार्जिंगला. मध्यरात्रीची ती दहा मिनिटांची धमकी मुलाला अंधारात एकट्यानं वाचावी लागू नये, एवढ्यासाठी.

आणि एक करार, आत्ताच, काही झालेलं नसताना. “काहीही झालं आणि तू सांगितलंस, तर फोन जाणार नाही.” पाळता येणार असेल तरच करा. एकदा मोडला तर परत होत नाही.

सभा संपल्यावर ते शेवटच्या बाकावरचे बाबा थांबले होते. “सर, हे सगळं ठीक. पण आमचं बोलणंच होत नाही. घरी गेल्यावर पहिलं काय म्हणू त्याला?”

मी म्हटलं, नववीत असताना तुम्ही तुमच्या वडिलांना काय सांगू शकला नव्हतात, ते सांगा.

ते बराच वेळ हेल्मेट या हातातून त्या हातात करत राहिले. मग हसले. “अंबाझरीवर पोहायले गेल्तो सर. दोस्त बुडता बुडता वाचला. चाळीस वर्षं झाली, अजून नाही सांगितलं.”

“वडील आहेत?”

“आहेत ना. पण आता काय सांगता.”